उगवतीचा उतार

“पण तिलाच का, दादा?”

हैबतीदादांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

केरबा हलला नाही. नगरपालिकेच्या टेकडीवर झाडं लावणाऱ्या आणि राखणाऱ्या टोळीचे हैबतीदादा मुकादम. खड्डा घेण्यापासून आळं करण्यापर्यंत सगळं केरबा त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आणि उगवतीचा उतार मिळाला कुणाला, तर मागाहून आलेल्या सगुणाला.

“माझ्या हातची झाडं मरतात का?”

“नाही.”

“माझ्या कामात काही खोट?”

“नाही.”

“मग...?”

“मावळतीचा उतार छान राखलायस,” म्हणाले, आणि विळा घेऊन चालू लागले.

त्या दिवसापासून केरबाला भाकरी गोड लागेना. दुपारी तो सगुणाचा उतार दिसेल अशा दगडावर जाऊन बसायचा. तिच्या बहाव्यांचं एखादं पान पिवळं पडलेलं दिसलं की बरं वाटायचं. दादा तिच्याकडे थांबले, हसले, की तो हातातली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळायचा. स्वतःच्या झाडांना पाणी घालतानाही मान तिकडेच वळलेली.

उन्हाळ्यात टेकडीला वणवा लागला.

वाऱ्यानं आग थेट उगवतीच्या उतारावर घातली. टोळी ओल्या फांद्या घेऊन धावली. सगुणा सगळ्यांच्या पुढे होती. पदर खोचून वाळलेल्या गवतातली आग झोडपत होती, ओरडत होती, “केरबाभाऊ, खालून या! खालून!”

केरबा खालीच होता. हातात फांदी होती.

ज्वाळा पहिल्या बहाव्याला भिडली...

तो बघत राहिला.

आग विझली तेव्हा उतार काळा पडला होता. जो तो हातातल्या जळक्या काटक्या टाकून धापा टाकत बसला. दादा एकेकाजवळून फिरत केरबापाशी आले. त्याच्या हातातली फांदी त्यांनी घेतली, उलटसुलट पाहिली.

तिची पानं हिरवीगार होती.

दादांनी फांदी त्याच्या हातात परत दिली आणि पुढे गेले.

सकाळी त्यांनी केरबाला बोलावलं. “आजपासून उगवतीचा उतार तुझा. सगुणा तुझ्या जागी जाईल.”

“दादा... तिथं राखेशिवाय काय उरलंय?”

“मागत होतास ना?”

केरबा कळशी घेऊन गेला. सगुणा आधीच तिथे होती. हाताला चिंध्या बांधलेल्या, तरी कळशीनं पाणी घालत होती.

“आलात? बरं झालं,” ती म्हणाली. “मला तुमच्या बाजूला जायला सांगितलंय, पण आजचा दिवस थांबते. एवढं पाणी एकट्याच्यानं कुठलं व्हायला.”

एका काळ्या खोडाशी बसून तिनं बुंध्याजवळची साल नखानं खरवडली. “हे बघा. आत हिरवं आहे. फुटेल.”

केरबाला खोड दिसलं नाही. चिंध्यांतून ओघळलेलं पाणी दिसलं, आणि तिची सुजलेली बोटं.

“तुम्ही खालची बाजू धरली म्हणून थोडं तरी वाचलं,” ती म्हणाली.

कळशी तशीच ठेवून तो टेकडी उतरला. दादा औजारांच्या खोलीबाहेर कुदळीला दांडा बसवत होते.

“दादा, तिला वाटतं मी आग विझवली. मी... मी फांदी उचललीसुद्धा नाही.”

“ठाऊक आहे.”

“मला काढून टाका.”

दादांनी दांडा दगडावर ठोकला.

“ठाऊक होतं, तर तो उतार मला का दिलात?”

दादांनी कुदळ त्याच्या हातात दिली.

“तुझं मन कधीचंच तिथं जाऊन बसलं होतं, केरबा. मी नुसते हात पाठवले.”