पहिल्या ताटातली सुरमई

समुद्र कशानेच बाटत नाही, असं माणसं छातीठोकपणे म्हणायची, तेव्हाची गोष्ट. एका बंदरावर एक सोनार राहत होता. देवळांच्या कळसांना तो सोन्याचा मुलामा देई. त्याला पारा लागे. काम झालं की उरलासुरला पारा तो खाडीत ओती आणि "दर्यात खसखस!" म्हणून हात झटकी.

पारा काय करतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या गुरूचे हात म्हातारपणी इतके थरथरत, की चिमटा धरवत नसे.

त्या बंदराची एक रीत होती. हंगामातली सगळ्यांत मोठी सुरमई नाखवा विकत नसे. ती शिजवून पहिलं ताट गावातल्या गरोदर बाईला. तिला नको असेल तर दुसरीला. मग गाव जेवे.

त्या वर्षी खोल पाण्यात माणसाच्या उंचीची सुरमई लागली. सोनाराची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मान तिचा. ताट तिच्यासमोर आलं, तेवढ्यात सोनाराची नजर अंगणात गेली. मोठ्या माशांच्या डोक्यांवर पोसलेलं बंदरावरचं मांजर झोकांड्या खात होतं. त्याचे पाय थरथरत होते. थेट गुरूच्या हातांसारखे.

सोनाराला सगळं उमगलं. गाळातला पारा किड्यांनी खाल्ला, किडे कोळंबीने, ढीगभर कोळंबी एका लहान माशाने आणि असे हजारो मासे या एका सुरमईने. खसखस गोळा होऊन ताटात आली होती.

"थांबा! तिला... तिला मासा बाधतो."

"अहो तात्या, काल चार बांगडे चापले हिने!" नाखवीण हसली. "बरं, तुमची मर्जी. सूनबाई, ये गं. तुझं नशीब उघडलं."

ताट पुढे सरकलं. मुलगी वाचली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं.

नाखव्याच्या गरोदर सुनेने तुकडी मोडली. घास ओठांशी गेला.

सोनाराने ताट उडवलं.

"अन्न उधळतोस?" नाखवा अंगावर धावला.

"विष आहे त्यात! माझंच. वीस वर्षं पारा ओततोय मी खाडीत."

नाखवीण हळूच म्हणाली, "आणि आधी पोरीपुरतंच आठवलं तुला?"

सोनार खाली बसून सांडलेल्या तुकड्या वेचू लागला.

सुरमई पुरली. सोनाराची मुलाम्याची भट्टी विझली. पण दर्यातला पारा कोण काढणार? पुढे कित्येक वर्षं त्या बंदरावर पहिलं ताट बोटभर मांदेलीचं असे. ते सोनारच वाढी, आणि वाढताना त्याचा हात थरथरे.

तात्पर्य: दर्यात टाकलेलं दर्या कधी ना कधी ताटात वाढतोच, आणि तेव्हा आपल्यापुरतं ताट सरकवून गप्प राहणारा विष वाढणाऱ्याइतकाच दोषी असतो.