बकुळेची खिरापत

निळवाडी नावाच्या इवल्याशा गावात बकुळा नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. घर कुडाचं, फ्रॉक ठिगळांचा. पण डोळे असे टपोरे नि हसरे की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. आई देवाघरी गेलेली. बाबा बांबूच्या टोपल्या विणायचे, आणि ओढ्यापलीकडची यमुआत्या बकुळेला न्हाऊमाखू घालायची, गोष्टी सांगायची, मांडीवर झोपवायची. आईची उणीव तिनं कधी भासू दिली नव्हती.

मग गावात निवडणूक आली. काही झाले छत्रीवाले, काही झाले कपबशीवाले. छत्रीवाले म्हणत, बकुळीच्या बनातून पक्का रस्ता काढू. कपबशीवाले म्हणत, बनातल्या पानालाही हात लावू देणार नाही. बाबा छत्रीचे, आत्या कपबशीची. झालं! एके दिवशी ओढ्याकाठी बहीणभाऊ असे कडाकडा भांडले की झाडावरचे पोपटसुद्धा घाबरून उडाले. "आजपासून त्या घरी पाऊल टाकायचं नाही," बाबांनी बकुळेला बजावलं. मोठ्या माणसांचं हे असंच असतं बघा. भांडायचं त्यांनी आणि रडायचं मुलांनी.

नवरात्र आलं. संध्याकाळी गावातल्या मुली भोंडला खेळायच्या. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यांतली खिरापत ओळखायची. गोड आहे का? तिखट आहे का? विचारून विचारून ओळखलं की मगच डबा उघडायचा आणि खाऊ वाटायचा. आजचा भोंडला नेमका आत्याच्या अंगणात होता. बकुळेच्या घरी खिरापतीला चिमूटभर साखरही नव्हती. निदान फुलं तरी न्यावीत म्हणून रिकामा डबा घेऊन ती बकुळीच्या बनात गेली.

बनात ऊन पानापानांतून सोन्याच्या टिकल्या सांडत होतं. इतक्यात एक नाजूक आवाज आला, "अगं, मला सोडव ना!" बघते तर काय, कोळ्याच्या जाळ्यात एक चिमुकली परी अडकलेली! जांभळे पंख, चंदेरी झगा, आणि केसांत दवाचे इटुकले थेंब लुकलुकताहेत.

बकुळेनं जाळ्याला हात लावला नाही. कोपऱ्यात रुसून बसलेल्या कोळ्याला ती म्हणाली, "कोळीकाका, तुमचं घर मोडायचं नाही मला. पण हिला तर सोडवायचं आहे. कसं करू?"

"आजवर सगळ्यांनी काठीच मारली," कोळी म्हणाला. "विचारलं कुणीच नाही." आणि त्यानं आपणहून एकेक तंतू सैल केला.

परी भुर्रकन बकुळेच्या तळहातावर येऊन बसली. "गुणी गं माझी बाय! माग, एक इच्छा माग."

"आत्याला छत्रीवाली कर! नाहीतर बाबांना कपबशीवाले कर!"

परीनं मान हलवली. "कुणाचं मत मी बदलत नाही. तो आमचा नियमच आहे."

बकुळेचे डोळे भरून आले. "मग त्यांना पुन्हा बोलू दे. मला माझी आत्या हवी आहे गं."

"हे जमेल," परी म्हणाली आणि टुणकन डब्यात शिरली. "आज मीच तुझी खिरापत. पण नीट ऐक. त्या दोघांनी एकमेकांच्या मनातलं ओळखायचं. 'हो, असंच' असं समोरच्यानं म्हटलं, तरच बरोबर. न ओळखता जो वाद घालेल, तो बेडकासारखा ओरडेल! आणि दिवेलागणीपर्यंत जमलं नाही, तर मी निघून जाईन. पुन्हा यायची नाही."

भोंडला रंगात आला होता. तेवढ्यात बकुळेला शोधत बाबा फाटकाशी येऊन उभे राहिले, कपाळाला आठ्या घालून.

"बाबा, नंतर रागवा," बकुळा घाईघाईनं म्हणाली. "आधी तुम्ही आणि आत्यानं माझी खिरापत ओळखायची. एकमेकांच्या मनात काय आहे, तेच या डब्यात आहे."

"त्यात ओळखायचं काय?" बाबा म्हणाले. "कपबशीवाल्यांनी हिला साडी दिली असणार, म्हणून तर ही... डरांव! डरांव!"

मुली खो खो हसत सुटल्या. आत्या तोऱ्यात पुढे आली. "आणि याला गावात मिरवायचंय, म्हणून हा... डरांव!"

आता तर हत्तीच्या पाटाभोवती हसून हसून मुली लोळायला लागल्या. पण बकुळा हसली नाही. डोंगराला सूर्य टेकला होता. "विचारा ना," ती रडवेली होऊन म्हणाली. "खिरापत विचारूनच ओळखतात ना?"

लेकीचं तोंड बघून बाबा विरघळले. फाटक ढकलून आत आले. "अक्का, तूच सांग. एवढं काय गं आहे त्या बनात?"

"झरा आहे, सोपाना. त्याच्यावरच आपल्या विहिरी भरतात. झाडं गेली की झरा आटेल. मग या पोरीनं पाणी कुठून आणायचं?"

बाबांनी बकुळेकडे पाहिलं. "म्हणजे तुला आमच्या बकुळेच्या पाण्याची काळजी आहे."

"हो, असंच." आत्याचा आवाज मऊ झाला. "आणि तुला रे? रस्ता एवढा कशासाठी हवाय?"

"हिच्या आईला ताप चढला, तेव्हा डॉक्टरांची गाडी बनापलीकडेच अडकली. रस्ता असता तर..." बाबांनी बकुळेला जवळ ओढलं.

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. "असं पुन्हा कुणाच्या घरी होऊ नये, म्हणून. होय ना रे?"

"हो अक्का. असंच."

डब्याचं झाकण टपकन उडालं! जांभळा, केशरी, गुलाबी उजेड कारंज्यासारखा उसळला. परीनं बकुळेच्या गालाची इवलीशी पापी घेतली आणि त्या उजेडातच ती विरून गेली. डब्यात राहिल्या होत्या खुसखुशीत करंज्या, सगळ्या मुलींना पोटभर पुरतील इतक्या. बकुळेनं आधी त्या सगळ्यांना वाटल्या.

मुली घरोघरी पांगल्या, पण बाबांचा पाय निघेना. आत्यानं चूल पेटवली आणि तिघांची पानं मांडली.

"उद्या मत मी कपबशीलाच देणार हं," भाकरी थापता थापता ती म्हणाली.

"दे की. मी छत्रीलाच देणार," बाबा म्हणाले. "पण अक्का, रस्ता बनाला वळसा घालून नेता येईल का गं?"

"लांब पडेल रे."

"किती लांब?"

आत्या सांगू लागली, बाबा ऐकू लागले, आणि ऐकता ऐकता बकुळा आत्याच्या मांडीवर झोपून गेली.