सुपाचा वारा

बोरबन गावात धान्याची पेवं होती तेव्हाची ही गोष्ट. आता ती सगळी बुजली, त्यांवर घरं उभी राहिली. पण ओढ्याकाठी केवळनाथ महाराजांचा मठ होता आणि कामावरून परतणारी माणसं पाय धुऊन तिथे घटकाभर टेकत, ते दिवस आठवले की अजून जीव हळवा होतो.

त्या माणसांत गेनू असे. जमिनीखालच्या पेवांतून धान्य काढणं हे त्याचं पिढीजात काम. रोज संध्याकाळी यायचा, "महाराज, आलो," म्हणून खांबाशी बसायचा. उठताना "महाराज, जातो." संपलं त्याचं बोलणं! मनात पुष्कळ असे, पण ओठापाशी आलं की सगळं विरून जाई.

गावचे वैजनाथशास्त्री मोठे विद्वान. एकदा भर मठात त्यांनी पाण्याला वीस शब्द घडाघडा म्हणून दाखवले आणि ते गेनूकडे वळले.

"गेनबा, तू किती सांगतोस?"

गेनूने डोकं खाजवलं. "पाणी."

"झालं? अरे, ज्याच्याकडे शब्दच नाहीत तो विचार तरी कशाने करणार? डोक्यात नुसता भुसा!"

सगळे खो खो हसले. गेनूचे कान तापले. खरंच आपण मठ्ठ असू, असं त्याला वाटून गेलं. एकटे महाराज हसले नाहीत.

पुढे मठाचा भंडारा आला. जोंधळा शास्त्रीबुवांच्या पेवातला द्यायचा होता. गेनूने तोंडावरची शिळा सरकवली आणि दोरीला दिवा बांधून आत सोडला. दिवा निम्म्यावरच विझला.

"थांबा," गेनू म्हणाला.

"का थांबा? नीट चार वाक्यांत सांग की!" शास्त्रीबुवा कडाडले. ते जन्मात कधी पेवाच्या तोंडाशी उभे राहिले नव्हते. "तिकडे चुली खोळंबल्यात."

गेनूने विझलेला दिवा दाखवला. "थांबा," तो पुन्हा म्हणाला.

"याला एक शब्द सापडलाय, तोच घोकतोय! मोरेश्वरा, तू उतर रे."

मोरेश्वर त्यांचा एकुलता एक मुलगा. दोर धरून उतरला आणि तळाशी जाताच कोसळला. हाका मारल्या, तर ओ नाही. पेवात कोंडलेल्या हवेने त्याचा घात केला होता.

शास्त्रीबुवांनी देवाचा धावा करायला तोंड उघडलं, पण जमवलेल्या शब्दांतला एकही मदतीला येईना. "माझं पोर... माझं पोर..." एवढंच ते म्हणत राहिले.

गेनूने कमरेला दोर बांधला. घरची म्हातारी आई त्याच्या डोळ्यांपुढे आली. खाली मरण आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक! मठाच्या दिशेला हात जोडून तो म्हणाला, "महाराज, आलो," आणि उतरला.

काय सांगावं! खाली श्वास घेतो तो गार वारा अंगावर आला, आणि त्या वाऱ्याला मठातल्या उदाचा वास! गेनूने मोरेश्वराला कवेत घेऊन दोर हलवला. वरच्यांनी दोघांना ओढून घेतलं. थोड्या वेळाने मोरेश्वराने डोळे उघडले.

त्याच घटकेला मठात महाराज रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून सुपाने वारा घालत होते. घामाने नुसते निथळत होते. सेवेकऱ्यांनी विचारलं, "महाराज, हे काय?"

"गेनू खाली उतरलाय रे," महाराज म्हणाले. "तिथे वारा नाही."

संध्याकाळी शास्त्रीबुवा मठात आले. शब्दांचा एवढा धनी, आता केवढं स्तवन करील, म्हणून लोक कान देऊन बसले. महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, शब्द जमवलेत ते चांगलंच केलंत. त्यांनाही हवा लागू द्या. गेनूने विझलेला दिवा बघून एकच शब्द सांगितला होता. तेवढा ऐकला असतात तर?"

शास्त्रीबुवा आधी गेनूपुढे वाकले. गेनूने घाबरून पाय आखडले. "बुवा, नका!"

मग त्या विद्वानाने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. सारा मठ वाट बघत होता. त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघाले.

"महाराज, आलो."

गेनू सरकला आणि त्याने खांबाशी त्यांना जागा करून दिली.