घरातला चीक

पूर्वी वैजयंती नगरात पद्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गवळ्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव गोधन. त्याची आई भद्रिका खरवस करण्यात तरबेज. गाय व्याली की ती पहिला चीक काढून खरवस करी आणि तो थेट राणीच्या ताटात जाई. या मानामुळे भद्रिका नगरात ताठ मानेने फिरे, खरे सांगायचे तर जरा जास्तच ताठ.

गोधनाची बायको कुवलया बाळंत झाली, मुलगा झाला. त्या घराची रीत अशी, की बाळंतिणीचे पहिले पिवळे दूध नासके समजून कापसाने पुसून टाकायचे आणि पांढरे दूध येईपर्यंत बाळाला मधाचे बोट चाटवायचे. भद्रिकेने रीत चोख पाळली. मध चाटून बाळ सुस्तावले. छातीशी नेले की ओठ लावी, किरकिरे आणि झोपी जाई. त्याचे गाल बसू लागले.

गवळ्याच्या घरात दूध नाही म्हणे, असे शेजारणी कुजबुजू लागल्या. भद्रिकेला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाळ झोपले आहे असे सांगून ती सगळ्यांना दारातूनच वाटेला लावी. आता बाळाला पाजायला दाई ठेवावी लागणार या विचाराने ती सुनेकडे बघणेही टाळी. कुवलया भिंतीकडे तोंड करून पडून राही.

अशात कपिला गाय व्याली. वासरू अगदीच दुबळे निघाले. राजवाड्याचा सेवक खरवस न्यायला आला, तशी भद्रिका चरवी घेऊन गोठ्यात गेली, तर गोधन वासराला कासेशी धरून उभा.

"सगळा चीक यालाच लागेल," तो म्हणाला.

राणी रागावेल, घराचा मान जाईल, असे भद्रिकेने परोपरीने सांगितले. गोधनाने सेवकाची क्षमा मागून त्याला रिकाम्या हाती परत पाठवले. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "आई, चिकावाचून वासरू उभे राहत नाही, हे तूच मला शिकवलेस. मग आपल्या बाळाचा चीक आपण कापसाने का पुसतो? तू पुसत होतीस आणि मी रीत म्हणून बघत राहिलो."

भद्रिकेने रिकामी चरवी खाली ठेवली. गाईचा चीक ती राणीला वाढत होती आणि सुनेचा टाकून देत होती. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी ती कितीतरी वेळ उभी राहिली, पाऊल आत पडेना.

शेवटी आतून कुवलयाच म्हणाली, "आत्याबाई, दाई बोलवा. माझ्यातच खोट आहे."

"खोट माझ्या हाताची होती, पोरी," भद्रिका म्हणाली आणि तिला रडू फुटले.

तिने मधाची वाटी बाहेर नेऊन ठेवली. सुनेच्या पाठीला लोड दिला, दुपटे काढून बाळाला तिच्या उघड्या छातीवर निजवले. उबेला बाळ जागे झाले, तोंड फिरवून शोधू लागले. त्याने मोठा आ केला तसे भद्रिकेने त्याचे पोट आईच्या पोटाशी भिडवून त्याला छातीशी लावले, नुसते बोंड नव्हे तर भोवतालचा भागही तोंडात जाईल असे. कुवलया दुखते म्हणाली, तेव्हा बोटाने हलकेच पकड सोडवून पुन्हा लावले. दिवसभर हेच चालले. रडण्याची वाट न पाहता, बाळ नुसते चुळबुळले की छातीशी. संध्याकाळी बाळाच्या घशातून घोट उतरल्याचा आवाज दोघींनी ऐकला. पुढे दूधही भरून आले.

राजवाड्याने दुसरा गवळी धरला. शेजारणींनी कारण विचारले, तेव्हा भद्रिकेने सगळे सांगितले, अगदी कापसासकट. सांगताना तिची मान खाली होती.

ही कथा सांगून शास्ते भगवान समोरच्या सभेला म्हणाले, "तेव्हाची कुवलया म्हणजे आजची आपल्या संघातली भिक्षुणी आर्या मृदुला. गोधन मीच होतो. भद्रिकाही आज या सभेत आहे, पण तिचे नाव मी घेत नाही. चूक दाखवतानाही माणसाला सांभाळून घ्यावे, ही करुणा होय."

मागच्या रांगेतली एक सासू डोळे पुसत उठली आणि लगबगीने घराकडे निघाली. घरी सून ओली बाळंतीण होती, आणि तिच्या उशाशी मधाची वाटी होती.