घाण्याची स्वारी

"परवाना पाहिजे? मग आधी तो घाणा माझ्या वाड्याच्या दारात आणून दाखव!" राजा मानाजी म्हणाला.

"आणते की, महाराज. पण परवान्याबिगर शिपाई गाडी वेशीच्या आत सोडत न्हाईत."

"सोडतील कसे? माझाच हुकूम आहे!"

आली का पंचाईत! गाडीवानाची लेक ठमी मनातल्या मनात चरफडली. उसाचा तो दगडी घाणा होताच अवाढव्य. आठ बैल जुंपून खाणीवरून आणलेला, अख्खा रस्ता अडवणारा. तिच्या गावाकडची वाट याच वेशीतून जायची; दुसरी डोंगरातून, तिथे एवढं ओझं चढायचं नाही. आणि गावात तर तोडीला आलेला ऊस वाळत चाललेला. घाणा वेळेवर पोहोचला नाही, तर साऱ्या गावाची वर्षाची मेहनत पाण्यात!

"जाऊ द्या, महाराज," ती निघता निघता म्हणाली. "तुमच्या नशिबात न्हाई, दुसरं काय! त्या घाण्यावर बसलं की हत्तीवरची अंबारी झक मारते."

"काय? माझ्या अंबारीपेक्षा दगड बरा?" राजा ताडकन उठला. "चल, दाखव!"

वेशीबाहेर घाणा पाहून म्हातारे दिवाणजी हळूच म्हणाले, "महाराज, आता पाहिलाच आहे, तर परवाना..."

"दारात म्हटलं म्हणजे दारात!" असं म्हणत राजा शिडी लावून वर चढला, मांडी ठोकून बसला आणि तोंड वाकडं केलं. "हॅट! ही कसली अंबारी? डुलत नाही की काही नाही!"

"उभी अंबारी कधी डुलती व्हय? थोडं चालवून दावते."

ठमीने पुढच्या बैलांची वेसण धरली. गाडी करकरली, हलली, डुलू लागली. वेशीवरच्या शिपायांनी वर पाहिलं आणि परवाना मागायचा सोडून कमरेत वाकून मुजरा केला! तुतारी वाजली. बाजारातून लोक जयजयकार करत धावले. राजा खुशीत हात हलवत राहिला, तो थेट वाड्याच्या दारात गाडी थांबेपर्यंत.

"घ्या महाराज, आणला घाणा!"

राजाचा चेहरा खर्रकन उतरला. "परवान्याशिवाय? दिवाणजी, याला शिक्षा काय?"

दिवाणजींनी घसा खाकरला. "जो गाडीवर बसून आत शिरेल, त्याची गाढवावरून धिंड, महाराज!"

"ऐकलंस ना, पोरी?"

"ऐकलं की! पण मी तर पायी चालत आले," ठमी म्हणाली. "वर कोण बसलंय, ते तुम्हीच बघा. गाढव आणायला सांगू?"

सगळ्या माना वर वळल्या. मग राजाच असा खदखदून हसला, की त्याचा मंदील घरंगळून बैलाच्या शिंगात अडकला!

वर बसल्या बसल्याच त्याने परवान्यावर शिक्का मारला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून ठमीकडे फेकलं.

ठमीने ते झेललं, मुजरा केला, आणि तरी तिथेच उभी राहिली.

"आता आणखी काय हवंय?" राजाने विचारलं.

"खाली उतरा, महाराज. ऊस वाळतोय!"