ठकीची कागाळी

“...आणि आज सकाळी माझा चष्मा! टेबलावरून एका पंजाने हळूहळू ढकलला, तोही माझ्याकडे बघत बघत. बुवा, असल्या मांजराच्या संगतीत ध्यान लागायचं तरी कसं?”

टेकडीवरच्या मठात बुवांसमोर बसून त्र्यंबकराव देवस्थळी एका दमात बोलले. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून एक करडं डोकं वर आलं, बुवांकडे पाहून पुन्हा आत गेलं.

त्र्यंबकराव म्हणजे निवृत्त शाळा-तपासनीस. ते वर्गात शिरले की मुलांच्या आधी मास्तर उभे राहत. उरलेलं आयुष्य साधनेत घालवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण घरात ही ठकी होती. वर्षापूर्वी वारलेल्या त्यांच्या पत्नीची, मनोरमाबाईंची लाडकी.

“देव्हाऱ्यातल्या ताम्हनात झोपते. जपाची माळ पलंगाखाली नेते. आणि डोळे मिटून बसलो की मांडीवर मेलेली पाल आणून ठेवते.”

“तुम्ही जेवला नाहीत, असं वाटत असेल तिला,” बुवा म्हणाले.

त्र्यंबकरावांना हसू आलं नाही. “मला शांतता हवी आहे, बुवा.”

“मग ठेवून जा हिला.”

ते ठेवून गेले.

घर शांत झालं. ताम्हन रिकामं, माळ खुंटीवर, दुधावरचं झाकण जागच्या जागी. पहिल्या दिवशी त्र्यंबकराव तासभर ध्यानाला बसले. दुसऱ्या दिवशी दोन तास.

चौथ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

“ठके, उतर खाली!” ते ओरडले.

वाऱ्याने खिडकी आपटून फळीवरचा पेला पडला होता.

आपलाच आवाज त्यांना परका वाटला... चार दिवसांत तो पहिल्यांदाच निघाला होता.

चपला पायात सरकवून ते तसेच टेकडी चढले.

मठात नेहमीप्रमाणे बुवा एकटेच होते. ते जमिनीवर बसले होते. त्यांच्या आसनावर ठकी पसरली होती.

“ध्यान लागलं?”

“लागलं. उत्तम लागलं.”

“मग?”

त्र्यंबकराव सदऱ्याचं टोक चुरगाळू लागले.

“मनोरमा गेल्यापासून मी घरात जे काही बोललो, ते हिला रागवायलाच बोललो, बुवा. दुसरं कुणी...”

वाक्य अर्धंच राहिलं. खालच्या गावातला आवाज टेकडीपर्यंत पोहोचत नव्हता.

शेवटी त्र्यंबकराव ठकीला उचलायला वाकले. तिने एक डोळा उघडला, पाय ताणला आणि बुवांचा भरलेला कमंडलू लवंडून दिला.

“काय गं हे! कुणाच्या घरी आलीस, काही लाज?”

त्यांचा आवाज मठभर घुमला.

बुवांनी त्यांचा हात धरला.

“इतक्यात नेऊ नका,” ते म्हणाले. “आणखी थोडं रागवा... मलाही ऐकू द्या.”