पोह्यात पडला झुबकीचा दाणा

एक होती खार. अगदी एवढीशी. शेपूट मात्र हे एवढं! झुबकेदार. म्हणून तिचं नाव झुबकी.

झुबकीला सापडला एक शेंगदाणा. तिनेच माती उकरली. तिनेच शेंग फोडली. आईने दिलेला नव्हे हं! झुबकीचा पहिलावहिला, स्वतःचा दाणा.

दाणा घेऊन झुबकी खिडकीत बसली. शेवंताकाकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी. झुबकीने दाणा वर धरला. गोल गोल फिरवला. सगळ्या जगाला दाखवला. आणि दाणा निसटला. टप्प!

खाली होती चाळणी. चाळणीत होते पोहे. नुकतेच धुतलेले, ओले ओले. दाणा गेला पोह्यांच्या पोटात.

"पोहे, पोहे, माझा दाणा द्या!"

पोहे म्हणाले, "आम्ही ओले. आम्ही चिकट. आत्ता ढवळशील, तर लगदा होईल लगदा! कढईत गेलो की मोकळे होऊ. मग घे तुझा दाणा."

"मग जा ना कढईत!"

"छे छे छे! आधी कांदा मऊ होऊ दे. तोवर नाही म्हणजे नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु, टुण!

"कांदेदादा, कांदेदादा, ऐका ना!"

"काय झालं गं?"

"पोहे मोकळे होईनात,
झुबकीला दाणा मिळेना!
तुम्ही मऊ व्हा ना!"

कांदा ताटलीत बसला होता. चिरून तयार. सगळ्यांना रडवून झालं होतं त्याचं. तो म्हणाला, "छे छे छे! आधी मोहरी तडतडू दे. तिच्याआधी मी कढईत जात नसतो. नाही म्हणजे नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु, टुण!

"मोहरीताई, मोहरीताई, ऐका ना!"

"काय झालं गं?"

"कांदा मऊ होईना,
पोहे मोकळे होईनात,
झुबकीला दाणा मिळेना!
तुम्ही तडतडा ना!"

मोहरी मसाल्याच्या डब्यात लोळत होती. ती म्हणाली, "छे छे छे! आधी तेल तापू दे. गार तेलात पडले, तर नुसती भिजत बसेन. ना तडतड, ना वास. वर सगळे मलाच नावं ठेवणार! नाही म्हणजे नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु, टुण!

"तेलभाऊ, तेलभाऊ, ऐका ना!"

"काय झालं गं?"

"मोहरी तडतडेना,
कांदा मऊ होईना,
पोहे मोकळे होईनात,
झुबकीला दाणा मिळेना!
तुम्ही तापा ना!"

तेल म्हणालं, "छे छे छे! आधी कढई कोरडी होऊ दे. ओल्या कढईत मी उडतो. चट्ट चट्ट चट्ट! काकूंचा हात भाजतो. नाही म्हणजे नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु, टुण!

"कढईमावशी, कढईमावशी, ऐका ना!"

"काय झालं गं?"

"तेल तापेना,
मोहरी तडतडेना,
कांदा मऊ होईना,
पोहे मोकळे होईनात,
झुबकीला दाणा मिळेना!
तुम्ही कोरड्या व्हा ना!"

कढई म्हणाली, "छे छे छे! मला आत्ताच घासलंय. अंगभर थेंबच थेंब. आधी काकूंना गॅस पेटवू दे. तोवर नाही म्हणजे नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु, टुण!

शेवंताकाकू ओट्यापाशी उभ्या होत्या. हात कमरेवर. कपाळाला आठी.

"काकू, काकू, ऐका ना!"

"काय झालं गं?"

"कढई कोरडी होईना,
तेल तापेना,
मोहरी तडतडेना,
कांदा मऊ होईना,
पोहे मोकळे होईनात,
झुबकीला दाणा मिळेना!
तुम्ही गॅस पेटवा ना!"

काकू म्हणाल्या, "अगं, एका दाण्यासाठी एवढं? डबाभर दाणे आहेत माझ्याकडे. घे त्यातला!"

"दुसरा नको!" झुबकीचे डोळे भरले. "मला माझाच हवा!"

काकूंना ते पटलं. पण त्या म्हणाल्या, "छे छे छे! आधी कढीपत्ता हाताशी हवा. काल मी काय केलं? तेल तापत ठेवलं, मोहरी टाकली, आणि कढीपत्ता आणायला पळाले. येऊन बघते तर मोहरीचा कोळसा! घरभर धूर! आमचे तात्या अजून खोकतायत."

बाहेरून आवाज आला. ख्वाक! ख्वाक!

"ऐकलंस? आणि आज ते झाड रुसलंय. ते पान देईपर्यंत गॅस पेटणार नाही. नाही म्हणजे नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु, टुण! मागच्या दारी, कढीपत्त्याच्या झाडापाशी.

"झाडआबा, झाडआबा, ऐका ना!"

"काय झालं गं?"

"काकू गॅस पेटवेनात,
कढई कोरडी होईना,
तेल तापेना,
मोहरी तडतडेना,
कांदा मऊ होईना,
पोहे मोकळे होईनात,
झुबकीला दाणा मिळेना!
तुम्ही पान द्या ना!"

झाड फुरंगटून म्हणालं, "छे छे छे! रोज नुसतं पाणी. पाणी, पाणी, पाणी! विटलो मी. आधी मला आंबट ताक हवं. मुळाशी, गटागटा. तोवर नाही म्हणजे नाही!"

झुबकी दमली. शेपूट लोळायला लागलं. तरी ती निघाली. तुरु... तुरु... टुण.

मागच्या पायरीवर एक वाडगा होता. वाडग्यात होतं शिळं ताक. आंबटढाण!

"ताकआजी, ताकआजी, ऐका ना!"

"काय झालं गं?"

"झाड पान देईना,
काकू गॅस पेटवेनात,
कढई कोरडी होईना,
तेल तापेना,
मोहरी तडतडेना,
कांदा मऊ होईना,
पोहे मोकळे होईनात,
झुबकीला दाणा मिळेना!
तुम्ही झाडाला मिळा ना!"

झुबकीने डोळे घट्ट मिटले. आता येणार, छे छे छे!

"हो!" ताकआजी म्हणाली.

"हो?"

"हो म्हणजे हो! अगं, मला कुणी विचारतच नाही. आंबट झाले, म्हणून सगळे नाक मुरडतात. आणि त्या झाडाला मी हवी? लाव जोर! दे धक्का!"

झुबकीने पाय रोवले. वाडग्याला डोकं लावलं. हुप्पा! हुऽप्पा! हुऽऽप्पा!

वाडगा कलंडला. भळ भळ भळ! ताक थेट झाडाच्या मुळाशी.

झाड प्यायलं. गट गट गट! झाड हललं. सळ सळ सळ! "वा गं पोरी! घे, हवी तेवढी पानं घे!"

झुबकीने डहाळी तोंडात धरली. तुरु तुरु तुरु, टुण! ओट्यावर हजर.

"शाब्बास गं माझी बाय!" काकू म्हणाल्या. त्यांनी गॅस पेटवला. खट्ट! भप्प!

कढई तापली. थेंब पळाले. चुर्र! कढई खडखडीत कोरडी.

तेल आलं. तेल तापलं. काकूंनी मोहरीचा एकच दाणा टाकून बघितला. तड! "झालं तेल!" मग सगळ्या मोहऱ्या धावल्या. तड तड तड तड!

कढीपत्ता पडला. चर्रर्र! काय वास सुटला म्हणता!

"झाले का गं पोहे?" तात्या बाहेरून ओरडले.

"थांबा!" काकू म्हणाल्या.

"थांबा!" झुबकीसुद्धा म्हणाली.

कांदा पडला. सुंई सुंई करत मऊ झाला. मग हळद. मग मीठ. मग पोहे, आणि पोह्यांच्या पोटातला दाणा! काकूंनी हलक्या हाताने ढवळलं. खालून वर, खालून वर. वर ठेवलं झाकण.

"आता उघडा!" झुबकी म्हणाली.

"वाफ येऊ दे गं!"

वाफ आली. फुस्स! झाकण उघडलं. पोहे कसे मोकळे मोकळे! पिवळे पिवळे! आणि सगळ्यात वर, गुटगुटीत, टण्ण! झुबकीचा दाणा!

काकूंनी तो उचलून खिडकीत ठेवला. झुबकीने शेपूट उभारलं. आणि अशी ओरडली, अशी ओरडली, की अख्ख्या गल्लीने ऐकलं:

"ताक सांडलं,
झाडाने पान दिलं,
काकूंनी गॅस पेटवला,
कढई कोरडी झाली,
तेल तापलं,
मोहरी तडतडली,
कांदा मऊ झाला,
पोहे मोकळे झाले,
झुबकीला दाणा मिळाला!
माझा दाणा! माझाच दाणा!"

फू फू फू. कुट्टुम!

पोहे बशीत, झुबकी खुशीत!